दारात कोणी नव्हतं

लेकीच्या शर्टाला बटण लावून झालं, पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा बोटांत उरला, आणि मी मनाने थेट लहानपणीच्या, घाटंजीच्या गाण्याच्या क्लासात जाऊन बसले.

मला सुराचा कान नाही, असं घरात सगळ्यांचं ठरलेलं होतं. बाई मला क्लासात घेतात की नाही, ते त्या दुपारी कळणार होतं. त्यांनी तंबोऱ्याची जाड, खर्जाची तार छेडली. ती मुकीच वाजली. मग माझ्या फ्रॉकचा लोंबणारा दोरा तोडून त्यांनी तो, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली घातला आणि हळूच किंचित सरकवला. तार एकदम उघडली. खोलीभर झणकार भरला.

"डोळे मीट. काय ऐकू येते?"

"सा."

"आनखी?"

त्या सा-च्या वर कुठेतरी बारीक, गोड गंधार तरंगत होता. गंधाराची तार तर तंबोऱ्याला नव्हतीच. मी डोळे उघडून दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"बाई, गंधार कोन गाऊन राह्यलं?"

बाई हसल्या. "कोनीच नाई. तो खर्जाच्या पोटातच असते. उद्यापासून येत जाय."

हे असं का होतं, ते पुढे कॉलेजात भौतिकशास्त्राच्या तासाला शिकले. तरी तंबोरा जुळला की मी अजून आधी दाराकडे बघते.