आधारात शोभाबेन, पासपोर्टात द्वारकाबाई

कोणीही, कुठल्याही नावानं हाक मारली तरी मावशींचं उत्तर ठरलेलं असायचं. "आठेच शे मी." इथंच आहे मी. हात साडीच्या काठाला लेस लावण्यात गुंतलेले, मान खाली आणि आवाज मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल असा.

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत त्यांना हाका मारणारे पुष्कळ होते आणि प्रत्येकाची हाक वेगळी. दूधवाला शोभाबेन म्हणे. लेसचा माल आणून टाकणारा टेम्पोवाला नुसतंच बेन. धुळ्याकडच्या बायका शोभाताई म्हणत. पोरंसोरं आणि माझ्यासारखे मागून राहायला आलेले लोक मावशी. आप्पा, म्हणजे त्यांचे यजमान, बायकोला नावानं कधीच हाक मारत नसत. "संगीतानी माय," एवढंच. संगीता ही त्यांची एकुलती एक मुलगी.

तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल. तिचं दार दिवसभर उघडं असतं आणि त्या दारातून कोण गेलं, कोण आलं, कोणाला ताप आहे, हे तिला माहीत असतं. पण चुगली म्हणून ते ती कधी कोणाला सांगत नाही. मी परभणीची. लिंबायतच्या मराठी शाळेत नोकरी लागली म्हणून सुरतेला आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्याकडे गॅसची जोडणी नव्हती. मावशींनी मला विचारलं नाही. संध्याकाळी ताट आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई, आमच्याकडे कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर असते. आवडली नाही तर सांगा, उद्या चपाती करते." मला आवडली. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी चपाती केली होती.

नावांबद्दल त्या मजेत बोलायच्या. मतदानाची चिठ्ठी वाटायला आलेला माणूस दारात उभं राहून वाचायचा, "शोभाबेन रामदासभाई पाटील." मावशी म्हणायच्या, "बघा, सुरतेनं मला बहीण केलं आणि यांना भाऊ केलं. आता आमचं लग्न कसं राहिलं असंल देव जाणे." आप्पा आतून खोकायचे. ते चाळीस वर्षं लूमवर काम केलेले, कानानं थोडे कमी. पण हा विनोद त्यांना बरोबर ऐकू येत असे.

शोभा हे मावशींचं सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांत आप्पांनी बोटानं लिहिलेलं. रेशन कार्डावर ते चढलं, त्याला बेन जोडलं गेलं आणि मग आधारवर, बँकेत, सगळीकडे तेच गेलं. माहेरचं नाव द्वारका. पारोळ्याजवळच्या गावातल्या शाळेच्या दाखल्यावर द्वारकाबाई असं लिहिलेलं.

ते नाव वर कसं आलं, त्याची गोष्ट त्या मला अनेकदा सांगत. संगीता लग्न होऊन मस्कतला गेली. तिचं पहिलं बाळंतपण तिकडेच होतं, म्हणून मावशींचा पासपोर्ट काढायचा ठरला. एजंटनं जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला मागितला आणि त्यावरचंच नाव अर्जात भरून टाकलं. पासपोर्ट आला तो द्वारकाबाईंचा. तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही.

"विमानतळावर काचेमागे साहेब बसला होता," मावशी सांगायच्या. "त्यानं पासपोर्ट उघडला आणि म्हणाला, द्वारकाबाई? मी मागे वळून पाहिलं. म्हटलं कोण द्वारका उभी शे. मागे तर एक सरदारजी. मग एकदम आठवलं, अरे, ही तर मीच."

हे सांगताना दर वेळी त्या हसायच्या आणि हसून झाल्यावर क्षणभर हातातली सुई थांबायची.

दहा वर्षांची मुदत संपत आली, त्याच सुमारास संगीताला पुन्हा दिवस राहिले. पहिल्या मुलानंतर बऱ्याच वर्षांनी. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. आई हवीच, असा तिचा हट्ट. पासपोर्टच्या नूतनीकरणाला मी मावशींबरोबर गेले. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. तिनं जुना पासपोर्ट पाहिला, आधार पाहिलं आणि हिंदीत म्हणाली, "मौसी, ये दो नाम हैं. एक करना पड़ेगा." दोन्ही कागदांवर एकच नाव असल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता. पासपोर्टवर शोभाबेन करून घ्या, किंवा बाकीच्या कागदांवर द्वारकाबाई करून आणा. काय करायचं ते तुम्ही ठरवा, असं तिनं नीट समजावून सांगितलं.

ठरवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. बँक, रेशन, गॅस, मतदान, सगळीकडे शोभाबेन. एक पासपोर्ट बदलला की काम संपलं. संगीताही फोनवर तेच म्हणाली. "आई, शोभा करून टाक ना. काय फरक पडतो? लवकर होईल ते कर." मावशी "हो" म्हणाल्या.

पण मग त्या काही हालचालच करीनात. प्रतिज्ञापत्रासाठी वकिलाकडे जायचं होतं, तर आज लेसचा माल आहे, उद्या मंगळवार आहे. कामाला एवढी तडफ असलेली बाई कारणं सांगते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

एका संध्याकाळी त्या मेथीची जुडी घेऊन माझ्या दारात येऊन बसल्या. आम्ही दोघी निवडायला लागलो. अर्धी जुडी झाली. मग म्हणाल्या, "बाई, पासपोर्टावरचं नाव तसंच ठेवायचं असलं तर किती काम पडंल?"

मी सांगितलं. प्रतिज्ञापत्र, पेपरात जाहिरात, गॅझेट, मग आधार, मग बँक. दोन-तीन महिने तरी जातील. संगीताची तारीख जवळ येईल.

"ते कळतं मला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. शाळेत घालायला वडील त्यांना खांद्यावर बसवून घेऊन गेले होते. घरात सगळे गंगू म्हणत. मास्तर तेच लिहायला लागले, तर वडील म्हणाले, नाही, द्वारका लिहा. त्यांना एकदा द्वारकेला जायचं होतं. शेती, म्हशी, पाठोपाठच्या मुली, जाणं काही होईना. "मास्तरांना म्हणाले, मी काही जाणार नाही तिथं. निदान पोरीला हाक मारीन. आणि घरी आल्यावर त्यांनी एकट्यानंच मला द्वारका म्हणायला सुरुवात केली. आई गंगूच म्हणायची शेवटपर्यंत."

"मग?"

"मग काय. ते गेले. भाऊ गेला. घर विकलं. आता ते नाव कोणाच्या तोंडात नाही. त्या पासपोर्टात तेवढं शे." त्यांनी मेथीची एक काडी उगाच मोडली. "ते पण मीच पुसून टाकू का, असं वाटतं."

मी विचारलं, मग अडचण काय आहे. त्यांनी आपल्या घराकडे, आत बसलेल्या आप्पांकडे पाहिलं. "शोभा नाव यांनी ठेवलंय ना. मला शोभा नको, असं कसं सांगू? आयुष्य गेलं त्या नावावर. चांगलं गेलं."

बोलायचं काम माझ्यावर येऊन पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेले. आप्पा खाटेवर बसले होते. मावशी ओट्यापाशी पाठ करून उभ्या राहिल्या. मी थोड्या मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला.

"शोभा नाव मी नाही ठेवलं," ते म्हणाले.

मावशी वळल्या.

"माझ्या आईनं सांगितलं, शोभा लिही. मी लिहिलं. मला तर द्वारकाच आवडत होतं. पत्रिकेत वाचलं होतं." बशी खाली ठेवून म्हणाले, "पण त्या वेळी मला कोण विचारतं."

"इतकी वर्षं बोलला नाहीत?" मावशी म्हणाल्या.

"मला वाटलं तुला शोभा आवडतं."

मावशींनी पातेलं विसळलं. मग पुन्हा चहा टाकला. कोणी मागितला नव्हता.

त्यानंतर आमची फिरती सुरू झाली. वकिलाच्या छोट्याशा कचेरीत प्रतिज्ञापत्र करायचं होतं आणि आप्पा साक्षीदार. गुजराती वकील, वयस्कर, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी आप्पांना विचारलं, "काका, पत्नीनुं नाम शुं?"

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी तोंड उघडलं. मावशींनी माझा हात दाबला.

"द्वारकाबाई," आप्पा म्हणाले.

"अने आ शोभाबेन कोण?"

"ती पण हीच. दोन नावं शे, पण घर एकच चालवलं तिनं."

वकील हसले आणि सही कुठं करायची ते दाखवलं. मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या होत्या. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. रिक्षात बसेपर्यंत दोघांपैकी कोणीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पेपरात जाहिरात आली, साड्यांच्या सेलच्या शेजारी, बोटभर. मावशींनी ती सगळ्या गल्लीला दाखवली. "पेपरात नाव मेल्यावरच येतं असं वाटलं होतं मला. हे तर जिवंतपणीच आलं." आधारच्या केंद्रात मात्र गंमत झाली. तिथल्या मुलानं सगळे कागद तपासले, नाव टाइप केलं आणि पावती हातात दिली. मी वाचली. द्वारकाबेन. सवयीनं त्याच्या बोटांनी बेन लिहिलं होतं. मावशी खुर्चीत बसून इतक्या हसल्या की रांगेतल्या बायकाही हसायला लागल्या. "दादा," त्या त्याला म्हणाल्या, "तुझी बहीण मी आहेच. पण कागदावर बाई राहू दे." मुलगा ओशाळला. त्यानं लगेच दुरुस्त करून दिलं.

तरी वेळ जायचा तो गेलाच. गॅझेटला अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागले. नवा पासपोर्ट हातात आला, तिकीट काढलं आणि निघायच्या आधीच संगीताला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. पण आई वेळेला नव्हती. संगीता फोनवर रडली आणि रागावलीही. "नावासाठी उशीर केलास ना आई." मावशींनी सगळं ऐकून घेतलं. सफाई दिली नाही. एवढंच म्हणाल्या, "हो बाई. माझंच चुकलं असंल. येते मी आता, बाळाला चांगलं गुंडाळून ठेव."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, वाईट वाटतंय का. त्या म्हणाल्या, "वाटतंय ना. खूप वाटतंय. पण तरी परत केलं असतं मी." एवढं बोलून त्या डिंकाचे लाडू वळायला बसल्या.

संगीताचा राग दोन दिवसांत उतरला. बाळाच्या जन्माच्या दाखल्यासाठी नाव द्यायचं होतं आणि ठरवलेलं नाव कसं वाटतं, असं ती आईला विचारू लागली. मावशींचं ते नाव एकदाच ऐकून समाधान झालं नाही. त्यांनी मला बोलावून घेतलं, फोन माझ्या कानाला लावला आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून म्हणून घ्यायला लावली. जावई पलीकडून कंटाळला असावा. मावशी मध्येच ओरडून सांगत होत्या, "संगीता, सासरकडचं, माहेरकडचं, जे ठेवायचं ते आताच ठेव. पण एकच ठेव. पोरीला म्हातारपणी वकिलाकडे पळायला लावू नको."

निघाल्या त्या दिवशी मुंबईची बस संध्याकाळी होती. आप्पा आणि मी सोडायला गेलो. मावशींनी खिडकीची जागा धरली आणि बसल्या बसल्या सूचना सुरू केल्या. दूध सकाळी एकच पिशवी घ्यायची. माठ रोज धुवायचा. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, आधी नाही. मेथी येईल तेव्हा बाईंना द्यायची, कारण आप्पा ती निवडत नाहीत, फक्त देठं मोडतात. आप्पा खाली उभे राहून मान डोलवत होते. बसचं इंजिन सुरू झालं तरी मावशी बोलतच होत्या. बस हलली तसे आप्पा तिच्याबरोबर चार पावलं चालले. मावशी काचेतून बोट नाचवत शेवटचं काहीतरी सांगत होत्या, गॅसचं असावं. आप्पांनी हात वर करून "हो, हो" केलं. बस वळणावर गेली.

मावशी अजून मस्कतलाच आहेत. नात आता रांगायला लागली आहे म्हणे.

त्या संध्याकाळी आप्पा रिकाम्या रस्त्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, गॅसचं काय सांगितलं तिनं?"

मलाही ऐकू आलं नव्हतं. आम्ही रिक्षा न करता चालतच घरी निघालो.