वारज्याहून समुद्राकडे, कसबा पेठेमार्गे

समुद्रपर्यटनाला मी वारज्याहून निघाले ती सकाळी सव्वादहाच्या बसने. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची फाइल आणि तिच्यात माझ्या आधार कार्डाची प्रत. जहाज मुंबईहून सुटतं, एवढं मलाही ठाऊक आहे. पण जहाजावर जायचं म्हणजे आधी ते निवडायचं, केबिन ठरवायची, फॉर्म भरायचा, आणि त्या भानगडीत एका दिवसात एवढं काही घडलं की म्हटलं, समुद्राचं समुद्र दिसल्यावर बघू, आधी हे लिहून काढावं.

मी सत्तावन्न वर्षांची. एका शाळेच्या ऑफिसात सबंध नोकरी गेली. लग्न केलं नाही. आईला सांभाळलं आणि गेल्या वर्षी आई गेली. वारज्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आता फ्रिजचा आणि माझा असे दोनच आवाज असतात, आणि त्यात फ्रिज जास्त बोलतो. सहली मी पुष्कळ केल्या, पण सगळ्या धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर. महाबळेश्वर झालं, गणपतीपुळे झालं, केरळ झालं. नवरा-बायको एका खोलीत, आणि दुसऱ्या खोलीत सगळी पोरं नि मी. पूर्वी त्याची मुलं होती, आता नातवंडं आहेत. केरळचं म्हणाल तर मला फक्त बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन उभी राहिलेली आठवते.

म्हणून ह्या खेपेला दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या होत्या. जिथे लहान मुलांना प्रवेशच नाही, अशा सहलीला जायचं. मोठ्या माणसांसाठीची अशी जहाजाची सहल निघाल्याची जाहिरात मी पाहिली होती: मुंबईहून लक्षद्वीप आणि परत, चार रात्री. दुसरी गोष्ट म्हणजे केबिनमध्ये कोणीतरी सोबतीला हवं. सरळच सांगते, मला रिकाम्या खोलीची भीती वाटते. घरात ती रोज वाटते, निदान सुट्टीत तरी वाटू नये, एवढीच माझी मागणी होती.

डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत निघाले. ह्या पुलात औषधाला लाकूड नाही, पण पुण्यात असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. नदीला बरं पाणी होतं. कठड्याशी मिनिटभर थांबून मी त्या पाण्याकडे सरावासाठी बघून घेतलं. मागून एका स्कूटरवाल्याने, उडी मारायची असेल तर बाजूला होऊन मारा, असं सुचवलं. मी बाजूला झाले.

सहल कंपनीचं ऑफिस लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात, साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. काउंटरवर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ होते, चष्मा कपाळावर चढवलेला. केबिन आतली हवी की खिडकीची, त्यांनी विचारलं. मी फरक विचारला.

"खिडकीच्या केबिनमधून समुद्र दिसतो," ते म्हणाले. "आतल्या केबिनमधून दिसत नाही."

एवढं ज्ञान दिल्यावर मात्र त्यांनी पुढचं नीट समजावलं. जहाजाच्या मधल्या भागातली केबिन घ्यावी, तिथे हेलकावे कमी लागतात. जेवणाच्या दोन पाळ्या असतात, त्यातली पहिली घ्यावी, म्हणजे आपल्यासाठी काय उरलं याची काळजी राहत नाही. ओकारीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, नंतर उपयोग नाही. डेकवर वारा असतो, तेव्हा साडी नेलीत तर पिना न्या. मी सगळं एका पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं आणि फॉर्म भरायला बसले. एका केबिनमधल्या प्रवाशांच्या नावांसाठी फॉर्मवर तीन ओळी होत्या. भरून दिल्यावर त्यांनी चष्मा खाली घेतला आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला.

"पहिले दोघे कुठायत?"

मी माझं नाव तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं. वरच्या दोन ओळी कोऱ्या. आजवर कुठल्याही हॉटेलात जादा गादीवरची तिसरी व्यक्ती मीच असायची, हात आपला सवयीने तिथे गेला. मला इतकं ओशाळं वाटलं की कारणसुद्धा सांगता येईना. गृहस्थांनी काही न बोलता नवा फॉर्म काढून दिला, आणि पुणेकराने असं काही न बोलणं म्हणजे काय, ते पुण्यात राहणाऱ्यालाच कळेल.

एकट्या बाईला जोडीदारीण मिळवून द्यायची त्यांच्याकडे पद्धत होती. पण आधी दोघींनी भेटायचं, बोलायचं, पसंत पडलं तरच एक केबिन. मागे न भेटवता दोघींना एकत्र घातलं, तर त्या गोव्यापासून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि भांडण ऑफिसपर्यंत आलं, असं ते म्हणाले. त्यांच्याकडे ह्याच खेपेसाठी कसबा पेठेतल्या एका शमीमभाभींचं नाव आलेलं होतं. मंडईत फळांचा गाळा, घरही जुनं, माणसं चांगली. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. भाभी म्हणाल्या, आत्ताच पाठवा.

तर मी निघाले जोडीदारीण बघायला. तरुणपणी मला 'बघायला' नऊ जण येऊन गेले होते. आईने केलेले पोहे त्यांनी खाल्ले आणि नंतर कळवतो म्हणाले. तेव्हा बसायचं मी आणि ठरवायचं त्यांनी. आता मी स्वतः चालत निघाले होते. शनिवारवाड्याला वळसा घालून कसबा पेठेत शिरले, तर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज येत होता आणि मी तुटकी चप्पल हातात घेऊन लंगडत चालले होते. बुरूड आळीत (बांबूच्या टोपल्या विणणाऱ्यांची गल्ली) एका बाईला फळवाल्या शमीमभाभींचं घर विचारलं. तिने हातातली पट्टी न सोडता मानेने दाखवलं आणि म्हणाली, "दारात चपला मोजा. लई दिसल्या की तेच."

खरंच लई होत्या. मी माझी एक पायातली आणि एक हातातली त्यांत ठेवली.

शमीमभाभी माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठ्या असाव्यात. गोऱ्या, ठेंगण्या, डोक्यावर पांढरी ओढणी. यजमान जाऊन चार वर्षं झालेली. तीन मुलगे, सुना, नातवंडं मिळून चार खोल्यांत अकरा माणसं. मला त्यांनी खिडकीपाशी बसवलं, सुनेने चहा आणि गरम खारी आणली, आणि आमचा कार्यक्रम सुरू झाला. घोरता का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगणारं कोणी नाही. दिवा कधी घालवता, एसी सोसतो का, सगळं झालं. पहाटे नमाजाला उठते, चालेल ना, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की साडेचारला मी जागीच असते, ती आईच्या औषधाची वेळ होती. त्यावर त्यांनी माझ्या बशीत आणखी एक खारी ठेवली.

खरं तर ह्यातलं एकही वाक्य धड पुरं झालं नाही. मध्येच नात वेणी घालून घ्यायला आली. एका मुलाला गाळ्याची किल्ली हवी होती. सुनेला डाळीत मीठ घातलंय की नाही ते आठवत नव्हतं. टीव्ही चालू होता आणि तो कोणीच बघत नव्हतं. त्या कलकलाटात मला इतकं छान वाटत होतं, म्हणून सांगू! मनातल्या मनात मी केबिनमधली भिंतीकडची खाट त्यांना देऊनसुद्धा टाकली होती.

मग भाभी म्हणाल्या, चला, गच्ची दाखवते. गच्चीत वाळत घातलेल्या चादरींमागे दोन रिकामे क्रेट उपडे ठेवलेले होते. त्यांनी मला एकावर बसवलं आणि जिन्याकडे एकदा बघून घेतलं.

"ताई, तुम्ही मला आवडलात," त्या म्हणाल्या. "म्हणून तुमच्याशी खोटं बोलत नाही. मला केबिनमध्ये कोणीच नकोय."

माहेरी सहा बहिणी एका खोलीत झोपत. लग्न होऊन ह्या घरात आल्या तेव्हा तर सासू, नणंदा, दीर सगळेच. बाळंतपणात दवाखान्यात होत्या, तर तिथेही शेजारी खाट. एकसष्ट वर्षांत एका खोलीत एकटीने एक रात्र काढलेली नाही, असं त्या सांगत होत्या. पैसे त्यांचे स्वतःचे होते, पूर्ण केबिनचे भरायचीही तयारी होती. पण मुलगे म्हणत होते, अम्मी एकटी कशी जाणार? जोडीदारीण असेल तर जा. म्हणून ऑफिसात नाव दिलं होतं.

"चार रात्री आतून कडी लावायची आणि कोणी हाक मारायची नाही, बस. आणि जहाजावर ओळखीचं माणूस असलं ना, की ते जेवायला थांबणार. तुमच्यासारखं चांगलं असलं, तर मीच थांबणार."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? माझ्या घरी जे पोत्याने पडून आहे, जे मला उठता-बसता खातं, ते ही बाई पैसे मोजून आणायला निघाली होती. आणि पुन्हा एकदा मला बघून झालं होतं आणि नकार आला होता, तोही माझी चप्पल तुटलेली असताना. मी चादरींकडे बघत बसले. खालून कोणीतरी "अम्मी" अशी हाक मारली. लगेच दुसरी आली. मग तिसरी, वेगळ्याच आवाजात. प्रत्येक हाकेला भाभींचे खांदे थोडे उचलले जात होते आणि त्या उठत नव्हत्या. ते बघितलं आणि माझा राग गेला. वाईट वाटायचं ते वाटतच राहिलं.

जिना उतरताना थोरली सून भेटली. तिने विचारलं, "ठरलं ना, मावशी? अम्मींना एकटं सोडायला हे तयार नाहीत." भाभी माझ्या मागे होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्या पायरीवर थांबल्या हे कळलं.

"ठरलं," मी म्हटलं. "छान पटलं आमचं."

निघताना भाभींनी टोपली पुढे ओढली आणि सीताफळं निवडायला घेतली. घरात किती जण, त्यांनी विचारलं. मी चौघं म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. मग त्यांनी अंगठ्याने दाबून दाबून आठ फळं काढली आणि बजावलं की सगळी आजच खायची, उद्याला एकही टिकणार नाही. पिशवी देताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. आभार त्यांनी मानले नाहीत आणि मला ते बरं वाटलं.

मंडईपाशी एका चांभाराने चप्पल शिवून दिली. तो टाके घालत होता तेवढा वेळ मी अनवाणी पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवून उभी होते आणि समोर बायका मेथीची जुडी उलटीपालटी करून भाव पाडत होत्या. सगळ्यांना घरी जायची घाई होती. परतीच्या बसमध्ये कर्वे रस्त्यावर अडकलो ते पाऊण तास. वारज्याला पोचले तोवर पिशवीतलं एक फळ फुटून फाइलला लागलं होतं. उरलेल्या सातांपैकी चार मी संध्याकाळपर्यंत एकटीने खाल्ली. आणखी जाईनात.

तेवढ्यात भावाचा फोन आला. दिवाळीत कोकणात रिसॉर्ट घेतलंय, जुळी नातवंडं तुझ्याशिवाय झोपत नाहीत, तू आहेसच. विचारलं नव्हतं, कळवलं होतं. मी म्हटलं, ह्या वेळी मी नाही. मग त्याने विचारलं, बरं नाही का? मी बरी आहे असं सांगितलं. मग जहाजाचंही सांगितलं. कोणाबरोबर चाललीस, त्याने विचारलं. ग्रुप आहे, मी म्हणाले. एका दिवसात एवढं खोटं मी नोकरीतसुद्धा बोलले नव्हते.

सकाळी ऑफिसला फोन लावला. तेच गृहस्थ होते. मी सांगितलं, शमीमभाभींची केबिन त्यांच्या एकटीची करा, घरून कोणी विचारलं तर जोडीदारीण मिळाली म्हणा, आणि माझी केबिनही वेगळी करा. ते म्हणाले, हरकत नाही, दोन्ही शेजारी शेजारी देतो.

शेजारची केबिन म्हणजे भिंतीपलीकडे कोणीतरी जागं असणार, पहाटे नळाचा आवाज येणार. मला तेवढंही चाललं असतं. मला ते फार हवं होतं. पण मग जेवणाच्या वेळी ती बाई माझ्यासाठी थांबली असती.

"नको," मी म्हटलं. "मला पुढच्या महिन्याच्या खेपेला घाला."

"का हो? पटलं नाही?"

"पटलं. म्हणूनच."

त्यांनी नवा फॉर्म भरून घेतला. केबिन खिडकीची, मधल्या भागातली, जेवण पहिल्या पाळीत, प्रवासी एक, असं सगळं वाचून दाखवलं आणि फोन ठेवला.

तर आता मी जाणार आहे. चार रात्री, पाण्यावर, एकटी. भीती गेलेली नाही, ती बरोबर येईलच. चहा टाकला आणि हे कोणाला तरी सांगावं असं फार वाटायला लागलं. ज्याला सांगावं असं सगळ्या पुण्यात आता एकच माणूस होतं, आणि नेमकं त्या शमीमभाभींनाच हे कळू द्यायचं नव्हतं.