धाकटी आवाज धुवायची

आमची धाकटी जाऊ कुणाच्याही घरी गेली की आधी पंखा बंद करायला लावायची. पाणीबिणी नंतर. दारात चपला काढतानाच मान वाकडी करायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "पंखा घरघरतोय नं?" आम्ही माणसं त्या पंख्याखाली वर्षानुवर्षं जेवलो, झोपलो, भांडलो, पण आम्हाला कधी घरघर ऐकू आली नव्हती. तिने म्हटलं की मात्र लगेच यायची. एकदा भर मे महिन्यात तिला माझ्या माहेरी, माले गावाला नेलं, तर तिथेही तेच. माझा भाऊ घामाने निथळत हसत बसला होता. आणि माझी आई! स्वतःच्या लेकीने कधी पंखा बंद केला असता तर डोक्यात तांब्या घातला असता, ती म्हणते, "केवढं बारीक ध्यान हाय पोरीचं!" मी आतल्या आत दात खाल्ले.

ती अमरावतीची. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत कामाला होती. आमचे भाऊजीही तिथेच, म्हणून जमलं. लग्न होऊन आमच्या गावी, पौडला आली तेव्हा सकाळी कंपनीची गाडी न्यायला यायची आणि संध्याकाळी सोडायला यायची. आमच्या यजमानांचं खत-बियाण्यांचं दुकान एसटी स्टँडजवळ, त्यामुळे अख्ख्या पौडला माहीत की यांच्या धाकटीला न्यायला गाडी येते. माझ्याकडे यायचा तो फक्त गॅसवाला.

आल्या दिवसापासून ती सासूबाईंना "आई" म्हणायला लागली. मी इतकी वर्षं "आत्या" म्हणत होते, आमच्याकडे तीच पद्धत. पण आत्यांना ते "आई" असं गोड लागलं की विचारू नका. "माजी धाकटी", "आमची धाकटी", सगळीकडे धाकटीच. आत्यांचा स्वभाव मुळात कौतुकाचा नव्हे. माझ्या हातची भाकरी त्या जेवायच्या, पदराने तोंड पुसायच्या आणि उठायच्या. चांगली झाली, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहायची सोडली नव्हती. बाईमाणसाला आणखी काय हवं असतं हो? कुणीतरी एक शब्द बोलावा. तो शब्द त्यांच्याकडे नाहीच, अशी मी मनाची समजूत घातली होती. धाकटी आली आणि कळलं की शब्द ढीगभर होते, फक्त माझ्यासाठी नव्हते.

सुट्टीच्या दिवशी ती माडीवर संगणकासमोर बसायची. कानाला ते मोठाले हेडफोन. कुणाची जुनी कॅसेट असेल ती संगणकात भरायची आणि त्यातली खरखर, कुंई, टकटक काढून टाकायची. आमच्याकडच्या ओलीने कॅसेटींना बुरशी धरते, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. अर्थात ती कुणाकडून काही घ्यायची नाही. आत्यांनी या कामाला नाव दिलं, "धाकटी आवाज धुती." झालं, पौडभर तेच नाव. मी खाली मोरीत चादरी धोपटत असायची आणि दारात माणसं येऊन मला विचारायची, "आवाज धुनाऱ्या बाई हायेत का?"

बाजारातले अत्तार चाचा आले होते एकदा, बांगड्यांचे. त्यांच्या आईने नातवंडांसाठी म्हटलेलं अंगाईगीत कुठल्याशा कॅसेटमध्ये होतं, आणि त्यावर मळणी यंत्र चालल्यासारखा आवाज. धाकटीने तो काढून दिला. चाचा ऐकता ऐकता भिंतीला टेकले. जाताना तिच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या चढवून गेले, कोपरापर्यंत. मी लग्न झाल्यापासून त्यांच्याकडून बांगड्या भरतेय, मला कधी एक जास्तीची घातली नाही. वर मलाच म्हणतात, "नशीब काढलंत भाभी, अशी जाऊ मिळाली."

मी मुद्दाम विचारलं होतं तिला, हे नेमकं करतेस काय म्हणून. तिने मला शेजारी बसवलं. पडद्यावर हिरवी रेघ होती, मध्येच फुगलेली, मध्येच बारीक. म्हणाली, "ताई, आधी खरखरीला ओळखावं लागतं. कुणीच बोलत नाहीये असा तुकडा शोधायचा आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, हा बघ कचरा, असा जिथे जिथे असेल तिथून काढ."

"माणसांतही चालतं का गं हे?" मी म्हटलं.

ती खळखळून हसली. तिला वाटलं मी गंमत केली. मग म्हणाली, "पण बेतानं करावं लागते. जास्त धुतलं की आवाज फाटतो." हे तिचं नेहमीचं वाक्य.

तर एकदा आत्यांच्या ट्रंकेत मामंजींची कॅसेट सापडली. मामंजी तिच्या लग्नाआधीच गेले होते, तिने त्यांना पाहिलंही नव्हतं. कॉलेजात असताना भाऊजींनी टेपरेकॉर्डर आणला होता आणि स्वयंपाकघरात जेवायला बसलेल्या मामंजींसमोर ठेवून, धरणाखाली गेलेल्या आमच्या जुन्या गावाची गोष्ट त्यांच्या तोंडून भरून घेतली होती. ती कॅसेट आता नुसती खसखसत होती. धाकटीने आत्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आई, मी बाबांचा आवाज काढून देते तुम्हाला."

झालं! मी त्या घरात मामंजींचं सगळं केलेलं, त्यांचं पथ्यपाणी, त्यांचे पाय चेपणं. आणि आता हिने त्यांचा आवाजच आणून दिला तर मग माझं काय राहिलं? आत्यांच्या मनात माझ्यासाठी तीळभर जागा असेल-नसेल, तीही गेली असती.

दोन-तीन रविवार ती खाली आलीच नाही. जेवणही माडीवर नेऊन द्यायची मी. एकदा बघितलं तर पडद्यावरच्या रेघेवर बाभळीच्या काट्यांसारख्या उभ्या रेषा, आणि ही एकेक निवडून पुसतेय, तांदळातले खडे वेचावेत तशी. "माईकला कुणीतरी ठोकत होतं, ताई," ती म्हणाली. "सॉफ्टवेअरला जमेना, म्हणून हातानं काढून राहिले." तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला दया आली नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

मग एका दुपारी सगळ्यांना बसवलं. पंखा बंद, हे सांगायला नकोच. आणि मामंजी बोलायला लागले. बाई बाई बाई! असा स्वच्छ आवाज, की जिता माणूस असा बोलला नसेल. भाऊजी रडले, आमचे यजमान रडले. मीही रडले, पण माझं अर्धं रडणं वेगळ्याच कारणाचं होतं. आत्या मात्र दगडासारख्या बसून होत्या. मामंजी मुळा नदीच्या काठची देवराई सांगत होते तेव्हा त्यांनी एकदम हात वर केला.

"थांबीव."

धाकटीने थांबवलं.

"ह्ये कुटं बसून बोलत्यात? ह्ये आपलं घर न्हाई."

"आई, बाबाच आहेत नं," धाकटी घाबरून म्हणाली.

"आवाज त्यांचाच हाय. पन रेडिओत बसल्यावानी वाटत्यात. भाकरीचा आवाज कुटं गेला? म्होरं थोरली भाकरी थापती, हे खात्यात, आन मंग बोलत्यात. ह्यात थोरली कुटं हाय?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. ते काटे म्हणजे माईकचे ठोके नव्हतेच. ती माझी थाप होती, परातीवरची, आणि मागची किणकिण माझ्या बांगड्यांची. माझी थाप ती रोज ऐकायची, पण गाडीच्या घाईत, माडीवरून. तिने मला खड्यासारखं वेचून टाकलं होतं. आणि मी नाही हे आत्यांना ऐकू आलं होतं! आनंदाने मला काय करू नि काय नको झालं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

धाकटी मागोमाग आली. "ताई, तुमचा एकेक ठोका काढून फेकला हो मी. रविवारचे रविवार बसून."

"कळलं ना आता, कचरा कुठला ते?" मी म्हटलं. सोडते की काय!

ती हसायला गेली आणि रडायला लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "मूळची फाईल ठेवलीय नं मी. ती कधीच पुसायची नसते." वर धावत गेली. या वेळी तिने वरवरची खरखर तेवढी कमी केली, बाकीच्याला हात लावला नाही. संध्याकाळी पुन्हा लावलं. थप थप थप, किणकिण, स्टोव्हची घरघर, आणि त्यातून मामंजी, तोंडात घास असलेले. आत्यांनी डोळे मिटले. संपल्यावर धाकटीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लई शाणी गं माजी धाकटी."

घ्या! थाप माझी आणि शाणी ती.

पुढे कंपनीने त्या दोघांना अमेरिकेला पाठवलं. जाताना संगणक माझ्याकडे सोपवून गेली, मामंजींसाठी कुठलं बटण दाबायचं ते दाखवून गेली. आत्या दारात उभ्या राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत रडल्या. नंतर कितीतरी दिवस जेवताना तेच, "धाकटी असती तर." मी वाढत राहिले.

फोन यायचा रविवारी, आमच्याकडे दिवेलागणीला. आत्या तो कानाला चिकटवून बसायच्या. माझ्या वाट्याला शेवटी दोन वाक्यं, बऱ्या आहात का आणि पाऊस झाला का. मी हळूहळू तेवढ्यासाठीही घुटमळायला लागले होते, हे मी तिला कधी सांगितलं नाही. चढून बसली असती.

एका रविवारी आत्या मागच्या अंगणात होत्या आणि फोन मीच उचलला.

"काय करून राहिल्या ताई?"

"काय करणार? भाकऱ्या."

मग म्हणाली, "इथे काहीच ऐकू येत नाही हो. खिडक्यांना दोन-दोन काचा. धुवायलासुद्धा आवाज नाही." आणि एकदम म्हणाली, "फोन परातीजवळ ठेवा नं. बोलू नका काही. नुसतं थापा."

मी फोन परातीजवळ ठेवला. मग हात पुसले, उठले आणि आधी पंखा बंद केला. घामाची धार लागली. एक भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि पिठाच्याच हाताने फोन कानाला लावला.

"आलं का गं ऐकू? या फोनला मेली खरखर फार."

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "आणखी एक थापा."

तेवढ्यात मागच्या दारातून आत्या घाईघाईने आत आल्या. "धाकटीचा फोन हाय न्हवं? आन हिकडं. आन लवकर!"

"थांबा, आत्या," मी म्हटलं. "ती माझ्याशी बोलतेय." आणि दुसरा गोळा परातीत घेतला.