आज मामा दोन तास गप बसला

मंडळी, पुढच्या रविवारी माझी एमबीएची प्रवेश परीक्षा आहे आणि घड्याळ लावून दिलेला एकही सराव पेपर अजून पुरा झाला नव्हता. कधी चहा, कधी पाहुणे.

आज आईला दाराबाहेर राखणीला बसवलं, तर नेमका इचलकरंजीचा मामा आला. त्याचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलाय, त्यामुळं साधं पाणीसुद्धा ओरडूनच मागतो. म्हटलं, गेला आजचाही पेपर!

पण बाहेर चिडीचूप. पेपर पहिल्यांदाच पुरा झाला.

दार उघडलं तर मामा पायरीवर बसलेला. कपबशा वाजतील म्हणून आईनं त्याला चहासुद्धा दिला नव्हता. मला बघून तो कुजबुजला, “झाला व्हय गं पेपर? आता बोलू का?”

तुमच्यासाठी असं कोण गप बसलंय, सांगा की!