धाकट्या पोथीचा दुसरा अध्याय

तांडापेठेतल्या देवळात रामकथेच्या दोन पोथ्या वाचत. थोरली सगळ्या मुलखाला ठाऊक. वनवास, लंका, युद्ध, सगळं तिच्यात. धाकटी उमरेडच्या एका कोष्ट्यानं मागावर बसून रचलेली. राज्याभिषेकानंतर वानर आपापल्या घरी कसे परतले, एवढीच तिची कथा. ना राक्षस, ना बाण. अशा पोथीला कोण विचारतो?

तो कोष्टी इंदूबाईंचा खापरपणजा. लग्नात त्यांच्या वडिलांनी ती पोथी लाल फडक्यात बांधून जावयाच्या हाती दिली. म्हणाले, "जावाईबापू, थोरलीच्या मागून हिलेही वाचत जा."

जावई म्हणजे जागेश्वरबुवा धकाते. इतवारीत कापडाच्या दुकानात नोकरी, आणि रामनवमीचे नऊ दिवस देवळात वाचन. आवाज असा, की लंका पेटली की पुढच्या रांगेतली माणसं मागं सरकायची. नवव्या दिवशी राज्याभिषेक झाला की बुवा धाकटी उघडायचे. पण तोवर मंडपामागून वडाभाताचा वास सुटलेला असे, आणि पोटापुढं कसली पोथी! पहिला अध्याय संपेतो निम्मी माणसं पंगतीत जाऊन बसत. मग बुवा तिथंच हात जोडत, इंदूबाई पोथीवर फूल वाहत आणि फडकं बांधत.

"मले दुसरा अध्याय ऐकाचा होता," घरी येताना त्या म्हणत. "बाबा तो वाचताना रडत. काहून रडत, ते लहानपणी समजलंच नाही."

"लोकं उठून राहिले होते वं. पुढच्या वर्षी वाचू."

इंदूबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, त्यांना स्वतः वाचता येत नव्हतं. घरी वाचून दाखवायला बुवांना कुणी बंदी केली नव्हती. पण समोर मंडप भरल्याशिवाय त्यांचा आवाज सुटत नसे, आणि एकटी बायको म्हणजे श्रोता हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. अशी किती तरी वर्षं गेली. त्यात इंदूबाईंचे कान गेले. मुलानं, संजीवनं, कानाचं मशीन आणून दिलं. त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणून ते कपाटात पडलं.

यंदा देवळानं सुमंत नावाचा तरुण गायक आणला. पेटी, तबला, सगळं साग्रसंगीत. बुवांना शाल-नारळ दिला. शाल कशाबद्दल ते त्यांना बरोबर समजलं. धाकटी पोथी काखेत मारून ते भरदुपारी घरी आले.

"बस वं," त्यांनी खुणेनं सांगितलं. इंदूबाईंनी पाट मांडला, दिवा लावला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बसल्या. पहिला अध्याय ओळखीचा होता. ओठांवरून त्यांना ओवी न् ओवी कळत होती. तो संपला तशी त्यांनी नेहमीप्रमाणे फूल वाहिलं आणि फडकं ओढून बांधायला घेतलं. बुवांनी त्यांचा हात धरला. पान उलटलं.

दुसरा अध्याय बुवांनीही कधी वाचलेला नव्हता, आणि त्यातल्या अनोळखी ओव्या इंदूबाईंना ओठांवरून कळेनात. एक म्हातारा वानर घरी येतो. गाव गोळा होतं. पूल कसा बांधला सांगा, रावण कसा पडला सांगा. तो रोज सांगतो. बायको चुलीपाशी बसून वाट बघते. तिला एवढंच विचारायचं असतं, की तिकडं माझी आठवण यायची का? गाव पांगतं तेव्हा त्याचा घसा बसलेला असतो, आणि मग तीही विचारत नाही.

बुवांनी पोथी खाली ठेवली. डोळ्यांना धार लागली. आपण हिच्या वाटणीचं ऐकणं मंडपाला वाटून टाकलं, ही चूक आता कशानंच भरून येणार नव्हती.

इंदूबाई पुढं झुकल्या. "तुम्हीही रडून राहिले? काय आहे त्यात?"

बुवा त्यांच्या कानाशी गेले. सांगायचं पुष्कळ होतं, पण ओव्या काही ओरडून सांगता येत नाहीत. तरी जेवढं जमलं तेवढं ते ओरडले, "नवरा घरी येते."

"मंग त्यात रडासारखं काय आहे?" म्हणत इंदूबाईंनी फडक्याला गाठ मारली आणि पोथी देव्हाऱ्यात ठेवली.