हौसराव आणि पडद्यावरच्या मॅडम

२००७ साली वडगाव रासाईच्या दूध संस्थेची निवडणूक झाली आणि हौसराव सात मतांनी पडले. त्याआधी एकवीस वर्षं तेच चेअरमन. इतकी वर्षं, की गावातल्या लहान पोरांना 'चेअरमन' हे त्यांचं नाव आणि 'हौसराव' ही कुठली तरी पदवी वाटायची. खुद्द मुक्ताबाई, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून हाक मारायची, "चेअरमन, ताट वाढलंय!" निकालानंतर दोन दिवस हाक काय मारावी या पेचात ती बिचारी गप्पच राहिली. तिसऱ्या दिवसापासून नुसती ताटावर वाटी आपटू लागली.

एक वेळ पडणं सोसलं असतं. पण आठवड्याभरात हौसराव कडक इस्त्रीत न्हावऱ्याला एका लग्नाला गेले. आपल्याकडे लग्न लावतो भटजी, पण चालवतो माईकवाला. कोण आलं, कोण येतंय, कुणाची जीप आडवी लागलीय, सगळं तोच पुकारतो. तिथला माईकवाला परगावचा होता. त्यानं हौसरावांना पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "माजी चेअरमन हौसराव यांचं मंडपात आगमन झालेलं आहे!"

त्या 'माजी'नं घात केला. हौसराव अक्षता मुठीत घेऊनच घरी परतले आणि पुढं चार महिने त्यांनी उंबरा ओलांडला नाही. दाढी वाढली, झोप उडाली. दुधाची गाडी वाजली की ते तोंडावर पांघरूण ओढून घ्यायचे.

मुलगी सुलक्षणा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. तिनं इंटरनेटवरून बोलणाऱ्या एक समुपदेशक मॅडम शोधल्या. दर बुधवारी शिरूरच्या सायबर कॅफेत बसायचं आणि पडद्यावर त्यांच्याशी बोलायचं.

"गोळ्या-बिळ्या?" हौसरावांनी विचारलं.

"नाही आप्पा. नुसतं बोलायचं."

"मग जमंल. एकवीस वर्षं दुसरं काय केलं?"

पहिल्या बुधवारी हौसराव शिरूरला पोचले ते गेणबा आणि सोपानराव या दोन जुन्या संचालकांना घेऊन. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे तहसिलीत उतारा काढायला माणूस एकटा जात नाही, मग इथं तर पुण्याच्या बाईंशी बोलायचं. कॅफे चालवणारी फरहत म्हणजे सुभानची भाची. सुभान हा हौसरावांचा शाळेपासूनचा दोस्त, पंचक्रोशीतला नामांकित माईकवाला. तिनं हेडफोन पुढं केला.

"एकट्यालाच ऐकू येतंय हे," गेणबा म्हणाला. "मोठ्यानं लाव की."

फरहतनं स्पीकर लावला. पडद्यावर चष्म्यातल्या, शांत चेहऱ्याच्या मॅडम आल्या.

"झोप कशी लागते तुम्हाला?"

"न्हाईच लागत," गेणबानं परस्पर सांगून टाकलं.

"हे कोण बोललं?"

"गेणबा, संचालक. आन् हे सोपानराव. ते लिहून घ्यात्यात," हौसरावांनी ओळख करून दिली.

सोपानराव खरंच वहीत टिपणं काढत होते. शेवटी त्यांनी उभं राहून मॅडमचे आभार मानले आणि सभा संपली म्हणून जाहीर केलं. शेजारच्या खणात नोकरीचा अर्ज भरणाऱ्या पोरींना हसू आवरेना.

तीन बुधवार असे गेले. मॅडम म्हणायच्या, "तुम्हाला वाईट कशाचं वाटलं?" की तिघं आपापसात चर्चा करायचे आणि हौसराव उत्तर द्यायचे, "आमचं एकमत झालंय मॅडम. फंदफितुरीचं."

शेवटी मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "पुढच्या वेळी एकटे या."

"एकट्यानं मी पोरगी बघायला बी गेलो नव्हतो," हौसराव म्हणाले. खरंच बोलत होते.

त्यातच सुभान घरी पत्रिका घेऊन आला. त्याच्या मुलीची, मेहकची शादी, वरात दौंडहून येणार. गावात कुठल्याही शादीला हिंदू पाहुण्यांचं शाकाहारी जेवण वेगळं शिजतं, आणि सुभानच्या घरी ती पंगत वाढायला पहिल्यापासून हौसराव उभे राहायचे. मेहक तर त्यांच्या जीपमधूनच पहिल्यांदा शाळेत गेली होती.

"येतूस ना?" सुभाननं विचारलं.

"बघू," हौसराव म्हणाले. एवढंच. सुभान चहा अर्धा ठेवून उठला. चाळीस वर्षांची दोस्ती त्या एका शब्दावर डळमळली, आणि हे दोघांनाही कळलं.

शादी रविवारी. त्याआधीच्या बुधवारी हौसरावांनी गेणबा-सोपानरावांना चहाच्या टपरीवर बसवलं आणि एकटे आत गेले. हेडफोन कानाला लावला.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, माझ्याकडं बघू नका. समोर बाईमाणूस बघतंय म्हणल्यावर बोलवंना."

मॅडम काही म्हणणार तोच पडदा काळा झाला. हौसरावांना फार बरं वाटलं. किती समजूतदार बाई! पंखाही थांबला होता, पण भारनियमनात पंखा थांबायचाच. कॉम्प्युटरही त्याच लायटीवर चालतो, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

फरहत सांगायला उठली. पण हौसराव बोलू लागले होते.

"संस्था गेली त्याचं न्हाई हो. नवा चेअरमन सत्यजीत तरणा हाय, त्यो चांगली चालवील. पर मला नुस्तं हौसराव म्हणणारं कुणीच उरलं न्हाई. आई होती तवा म्हणायची. आन् सुभान म्हणायचा, पर त्यो बी माईकवर चेअरमनच म्हणायचा. आता त्याच्या मेहकच्या मांडवात गेलो आन् त्यानं माजी म्हणलं, तर मी जागच्या जागी मरंन. आन् काहीच नाव न्हाई घेतलं, तरी मरंन. अन् न्हाई गेलो तर..."

इथं त्यांना रडू आलं. चेअरमन असताना रडायची सोय नव्हती, त्यामुळं बराच साठा होता. दहा मिनिटं ते काळ्या पडद्याशी बोलत होते आणि रडत होते. फरहत काउंटरपाशी ओढणी तोंडाला लावून उभी राहिली. लाईट गेलीय हे तिनं त्यांना सांगितलं नाही ते नाहीच.

"मॅडम लई भारी," बाहेर येऊन हौसराव सोबत्यांना म्हणाले. "मधी एक शबुद बोलल्या न्हाईत."

रविवारी त्यांनी दाढी केली. मुक्ताबाई म्हणाली, "चला की आता." आणि ते गेले. माईक सुभाननं कुणाला दिला नव्हता. मुलीचा बाप असूनही स्वतःच पुकारत होता. नवे चेअरमन सत्यजीत यांचं स्वागत झालं, सरपंचांचं झालं, दौंडच्या पाहुण्यांचं झालं. सुभाननं हौसरावांना पाहिलं, अगदी डोळ्याला डोळा भिडला, आणि तो दुसऱ्याच माणसाचं नाव घेऊन मोकळा झाला.

हौसराव मागच्या खुर्चीत बसले. कान तापले. झालं, एवढंच होतं तर, असं मनाशी म्हणत ते चपला शोधायला वाकले, पण निकाहाच्या आधी उठणं बरं दिसेना.

निकाह लागला, खजूर वाटले गेले, शाकाहारी पंगत बसली. आणि कर्ण्यातून सुभानचा आवाज आला. आदर नाही, आगमन नाही, काही नाही.

"हौसराव! आरं हौशा, कुठं बसलाईस? भाताकडं माणूस न्हाई, पंगत खोळंबलीय. ऊठ की लेका!"

साऱ्या मंडपासमोर. मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की कशासाठी, ते तिलाच ठाऊक. हौसराव उठले, बाह्या सरकवल्या आणि भाताची पाटी उचलली. पहिल्या पानावर सत्यजीत बसला होता. त्याला त्यांनी इतका भात वाढला, की तो हात जोडायला लागला.

पुढच्या बुधवारी हौसराव एसटीनं शिरूरला आले. एकटे.

पडद्यावरच्या मॅडम ओशाळल्या होत्या. "माफ करा हं. मागच्या वेळी तुम्ही बघू नका म्हणालात आणि लगेच तुमची लाईन तुटली. पुढं मला काहीच ऐकू आलं नाही. काय सांगणार होतात?"

हौसरावांनी हळूच मान वळवली. फरहत प्रिंटरमध्ये कागद भरत होती. ट्रे आधीच काठोकाठ भरलेला होता, तरी ती भरत होती.

"काय न्हाई मॅडम," हौसराव म्हणाले. "ज्याच्यापर्यंत जायचं, त्याच्यापर्यंत गेलंय."