आडव्या बल्ल्या

चौकटीवर गोमूत्र शिंपडलं तेव्हा मी दोन हात अंतरावर उभी होते. हातोडा अजून हातातच होता.

लोहारा गावाबाहेर एका रिटायर गुरुजींचं घर बांधायचं चाललं होतं. त्या घराच्या पुढच्या दाराची सागवानी चौकट. मिस्त्रीनं ओळंबा सोडला, मी दोरीकडं बघत चौकट केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवली. सरळ झाली तशा दोन्ही बाजूंनी तिरप्या पट्ट्या ठोकल्या, भिंत वर येईस्तोवर ती हलू नये म्हणून. पट्ट्या मी ठोकल्या. पहिल्यांदाच. मिस्त्री म्हणला, "जमलं की गं." लई बरं वाटलं.

तेवढ्यात गुरुजींच्या बायकोनं, काकूंनी, पूजेचं ताट आणलं. माझ्याकडं बघितलं न्हाय. मिस्त्रीला विचारलं, "हिनं हात लावलाय का सगळीकडं?" मिस्त्रीनं ओळंबा गुंडाळायला घेतला. काकूंनी तांब्यातून शिंपडलं. नेमकं माझा हात लागला होता तिथं. पट्टीवर. खिळ्यांवर.

गुरुजी हसून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. रीत असते. तुझ्यामुळे नाही काही."

मग कुणामुळं?

मी विचारलं न्हाय. त्या दिवशी न्हाय. पण तवापासून मी बघायला लागले.

चहा यायचा. मिस्त्रीला स्टीलचा कप. लाईटवाल्याला स्टीलचा. मला आणि माझ्याबरोबर घमेली उचलणाऱ्या शांताला कागदी. "स्वच्छतेसाठी," गुरुजी म्हणायचे. मला शंका होती. एकदा मीच पुढं होऊन स्टीलचा कप उचलला, चहा पिऊन धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी कपांत एक कप कमी. तिसऱ्या दिवशी तो सापडला. मिस्त्रीनं दोरीनं सरळ रेघ मारायला त्यात गेरू कालवला होता.

मिस्त्रीवरही माझा भरवसा न्हवता. त्याचा जोडीदार पुण्याला गेला म्हणून त्यानं मला सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबचा साचा आणि टेकू उभारायला, घेतलं होतं, शिकवायचं म्हणून न्हवं. प्लेटा धरायला सांगायचा. स्लॅबखालचे टेकू किती अंतरावर, पाचर किती ठोकायची, हे विचारलं की म्हणायचा, "तुला काय करायचंय?" जेवणाच्या सुट्टीत सगळे झाडाखाली गेले की मी हातानं अंतर मोजायचे. खालून वर बघायचे. उभे टेकू एकमेकांना आडव्या बल्ल्यांनी, लाकडी वाशांनी, बांधलेले असतात, ते कशासाठी, हे मला कुणी सांगितलं न्हाय. एक टेकू धरून हलवला, मग कळलं. बांधलेला हलत न्हाय.

स्लॅबचा दिवस उजाडला. मिक्सर सुरू झाला. काँक्रीट पडताना खाली एका माणसाला थांबावं लागतं, टेकू बघायला, ढिली पाचर ठोकायला. गुरुजी म्हणाले, "हिला आत पाठवा."

आत. आज माझं आत जाणं चालत होतं.

मी आत गेले. वर बघितलं. मधल्या खोलीत एकही आडवी बल्ली न्हवती. मिस्त्रीनं आदल्या दिवशी काढून दुसऱ्या कामावर नेल्या होत्या. टेकूला हात लावला. हलला. मी बाहेर आले.

"म्या आत थांबणार न्हाय."

"मुहूर्त टळतोय," गुरुजी म्हणाले. "तुला काय कळतं त्यातलं?"

"कळतं. आडव्या बल्ल्या न्हाईत. एक टेकू सरकला तर सगळे जातील. आन् खाली म्या आसणार."

"आमच्यावर विश्वास नाही का तुझा?"

"न्हाय."

तोंडातून निघून गेलं. निघालं ते निघालं, आता मागं कशाला घ्यायचं? म्हणलं, "काकूंना आत उभं करा. मग म्या बी जाते."

काकू दोन पावलं मागं सरल्या. गुरुजींचा चेहरा लाल झाला. मिस्त्री ओरडला, "जास्त झालं तुझं!" तेवढ्यात शांतानं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसली. मग स्लॅबसाठी आलेल्या आणखी दोघीही बसल्या. मिक्सर नुसताच फिरत राहिला.

टेम्पो पाठवून बल्ल्या आणाव्या लागल्या. मी बांधल्या. कमरेएवढ्या उंचीवर एकदा, डोक्याच्या वर एकदा, दोन्ही दिशेनं. मिस्त्री खिळे देत होता. मग स्लॅब पडेपर्यंत मी खाली थांबले. एक टेकू हलला न्हाय.

तसाही हलला नसता, असं मिस्त्री नंतर चार लोकांत म्हणला. आसंल. मला म्हाईत न्हाय. पण खाली तो न्हवता थांबणार.

दुसऱ्या दिवसापासून मला कामावर बोलावणं बंद. शांतालाही. महिनाभर दोघी घरी. मग शेजारच्या गावात एक लहान घर मिळालं, मग दुसरं. आता सेंट्रिंगचं काम आम्ही दोघी मिळून धरतो. बाई काय स्लॅब उभा करणार, म्हणून लोक हसतात. हसू दे.

घरमालक गोड बोलायला लागला की मी आता आधी माझं आडनाव सांगते. मोठ्यानं. आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहते. तोंड बदललं तर मी उठते. त्याचं घर त्यानं दुसऱ्याकडून उभं करून घ्यावं.